करडईच्या तेलावर पळालेली गाडी

माझी बायको गाडीवर माझ्या मागं बसली की माझा शर्ट धरायची नाही. सीटचा पट्टा धरायची आणि मान जरा पुढं काढून इंजिन ऐकायची. मिस्त्री मी, पण बिघाड आधी तिला कळायचा. "अवो, डावीकडं कायतरी वाजून राहिलंय," असं म्हणायची. उतरून बघितलं की डावीकडंच नट ढिला निघायचा. उजवीकडं एकदाही निघाला नाही.

ती जाऊन हा दुसरा उन्हाळा. रडायचं ते रडून झालं. घरात आता भांडंसुद्धा वाजत नाही, पण ते सांगत बसून कुणाचं काय भलं होणार? मला एका गाडीचं सांगायचंय. तीन दिवसांत ती दोनदा पळाली, एकदा लई जोरात आणि एकदा लई हळू. दोन्ही वेळेला आम्ही पोट धरून हसलो. तेवढं लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षरं वाकडी येतील.

इंजिनाचं काम मी नांदेडला शिकलो, एका उस्तादाच्या हाताखाली. विहिरीवरची डिझेल इंजिनं. शेतकरी यायचे आणि म्हणायचे, "मिस्तरी, जरा पाणी जास्त मारंल असं करा की." उस्ताद हौ म्हणायचे, पाना घेऊन इंजिनाजवळ बसायचे, इकडं तिकडं ठोकायचे आणि होतं तसंच ठेवायचे. शेतकरी खूश. "बघा, केवढी धार पडली आता!" असं तोच आम्हाला सांगायचा. तो गेला की उस्ताद माझ्याकडं बघून म्हणायचे, "जोर से तो कोई भी चला लेता, बेटा. कल भी चलना, परसों भी चलना, वो देख."

बहात्तरच्या दुष्काळात मी ते बघितलं. मुखेडकडच्या एका गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, खडकातून झिरपणारं. तिथलं इंजिन चालवायला उस्तादांनी मला पाठवलं. गाव म्हणायचं, जोरात चालव, हौद लवकर भरू दे. मी म्हणायचो, जोरात चालवलं तर विहीर तासाभरात कोरडी पडंल, पंप हवा ओढंल, इंजिन तापून बसंल. मग नांदेडहून सामान येईस्तोवर काय पिणार, माझा घाम? शिव्या खाल्ल्या, पण इंजिन हळूच ठेवलं. तो सगळा उन्हाळा ते एक दिवस बंद पडलं नाही.

तिथंच रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला होती. धर्माबादकडच्या खेड्यातली, काम मिळतंय म्हणून चालत मावशीकडं आलेली. पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभी होती. मला म्हणाली, "ओ मिस्त्री, तुमचं इंजिन खोकून राहिलंय."

"इंजिन खोकत नसतं."

"मग बघा की उठून. बसून बसून पँट झिजली तुमची."

सगळी रांग हसली. उठून बघितलं तर डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. हवा काढली, खोकला थांबला. ती घागर भरून गेली आणि जाताना मागं वळून नुसती मान हलवली, एखाद्या मास्तरीणबाईसारखी. वर्षभरात आमचं लग्न झालं. ती मला शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणायची. रागात असली की मिस्त्रीसाहेब.

पुढं मी उदगीरला दुकान टाकलं. इंजिनं होतीच, मोटारसायकलीही यायला लागल्या. एक जुनी, दोन धुराड्यांची मोटारसायकल एका माणसानं माझ्या दारात आणून टाकली, नीट होत नाही म्हणून कंटाळून. मी ती विकत घेतली आणि नीट केली. धावायची बेतानं, पण कधी रस्त्यात उभी राहिली नाही.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद. लोक अर्ज लिहिताना उस्मानाबाद लिहायचे, खोडायचे, लातूर लिहायचे आणि उगंच हसायचे, जणू स्वतःचंच बारसं झालंय. पताका लागल्या, पेढे वाटले, सगळं झालं. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याला ओळख देईना. पुढच्या उन्हाळ्यात गावाबाहेरचं तळं पार आटलं. तळाची माती तव्यासारखी सपाट, कडक. ती बघून कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथं मोटारसायकलच्या शर्यती घ्याव्यात. नव्या जिल्ह्याची पहिली शर्यत! टांग्यावर भोंगा बांधून गावभर पुकारलं. अडत्या व्यापाऱ्यानं, लिंगायत होता, दिलदार माणूस, बक्षीस म्हणून तांब्याचा मोठा हंडा जाहीर केला. कोरड्या तळ्यात बक्षीस हंडा. गावात दोन दिवस एकच विनोद चालला, की जिंकणाऱ्यानं तो भरायचा कुठं.

मी शर्यतीच्या भानगडीत पडणार नव्हतो. पण नव्या जिल्ह्याबरोबर नवे कारकूनही आले होते, त्यातला एक पुण्याकडचा. नवी कोरी गाडी, डोळ्याला काळा चष्मा. माझ्या दुकानात हवा भरायला थांबला आणि माझ्या गाडीकडं बघून म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीही या की शर्यतीला. मागं पडलेलं सामान गोळा करायला कोणीतरी लागेलच."

बाकड्यावरचे चारजण हसले. मी पण हसलो. पण ते खिळ्यासारखं आत घुसलं. खरं सांगतो, मला हंडाफिंडा नको होता. मला त्या काळ्या चष्म्याला माझी धूळ चारायची होती.

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापायची थांबली. कारण शर्यतीपासून तिसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आमच्यात बौद्ध पद्धतीनं लग्न, नवरीला पांढरी साडी. वडील नव्हते, तर बहिणीची साडी थोरलीनं आणायची असं ठरलं होतं. साडी ट्रंकेत घडी घालून तयार होती. आणि तिनं बहिणीला निरोप धाडला होता, की मी तुझी साडी घेऊन गाडीवर येते, मोटारसायकलवर, दारात उतरते. तिच्या माहेरच्या त्या वस्तीत तोवर कुणीच स्वतःच्या गाडीवर दारात उतरलं नव्हतं. लेकी यायच्या त्या एसटीच्या फाट्यावरून चालत, डोक्यावर गठुडं घेऊन. ती स्वतः तशीच चालत बाहेर पडली होती. म्हणून तिला तो दिवस हवा होता. फार काही मागितलं नव्हतं तिनं कधी. हे एक मागितलं होतं.

"पळवा गाडी," ती म्हणाली. "हंडा आणा, न्हाईतर आणू नका. पण लग्नादिवशी हीच गाडी मला आन् साडीला माहेरी न्हेणार. बोला, हाव का न्हाई."

"हाव."

"मिस्त्रीसाहेब, माझ्याकडं बघून बोला."

"हाव गं बाई, हाव."

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी खोलून बसलो. आता इंजिनात जोर येतो कुठून, ते साध्या भाषेत सांगतो. आत पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि पेटते. जेवढी घट्ट दाबाल तेवढा धक्का मोठा. मी वरचं झाकण, त्याला आम्ही हेड म्हणतो, काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत बसलो, म्हणजे आतली जागा कमी होईल. अंगठ्याचं कातडं गेलं. सिलेंडरच्या आतल्या वाटा कानशीनं मोठ्या केल्या. हवा मोकळी मिळावी म्हणून फिल्टर काढला. धुराड्यांच्या आतल्या जाळ्या काढल्या. प्रत्येक कामाला जोर वाढत होता आणि प्रत्येक कामाला इंजिनाचं आयुष्य कमी होत होतं, हे मला दिसत होतं बरं का! धक्का मोठा म्हणजे ताप मोठा, ताप मोठा म्हणजे पिस्टन फुगणार. उस्ताद असते तर कान पिळला असता. पण मी शर्यतीपुरता मिस्त्री राहिलोच नव्हतो. मी काळ्या चष्म्याचा वैरी झालो होतो.

आणि मग तेल. तसल्या गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावं लागतं, इंजिनाला वंगण तेच. एक ट्रकवाला हैदराबादेत शर्यती बघून आला होता. तो म्हणाला, "तिकडं साधं ऑइल न्हाई घालत. बियाचं तेल घालतेत. इंजिन लोण्यासारखं फिरतं, आन् धुराला वास असा येतो, मिस्तरी, की नाकानं खावा." कुठल्या बियाचं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या मुलखात बियाचं तेल म्हणजे करडईचं. घाण्याचं ताजं करडईचं तेल चुलीमागं बाटलीत होतं. बायको पाण्याला गेली तशी अर्धी बाटली ओतून घेतली.

शर्यतीच्या दिवशी तळ्याच्या बांधावर माणूस मावेना. देवणीकडून बैलवाले आले होते. ते गाड्यांच्या पुढून मागून फिरून, वाकून, बैल बघावा तशा गाड्या बघत होते. एकानं माझ्या गाडीच्या टाकीवर थाप मारली आणि विचारलं, "दात किती हायत?"

आम्ही सात गाड्या. तळ्याला तीन फेऱ्या. व्यापाऱ्यानं रुमाल खाली टाकला आणि मी मूठ पिळली. आई गं! ती गाडी माझी नव्हतीच. मागं कुणीतरी लाथ घातल्यासारखी सुटली. हात खांद्यातून निघतात की काय असं झालं. पहिल्या फेरीत तिघे मागं टाकले, दुसरीत दोघे. कारकून माझ्या पुढं होता, पांढरा शर्ट फुगलेला. त्याची नवी गाडी सरळ जागेत पुढं जायची, वळणावर मी गाठायचो. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणाला मी आतून घुसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं. चष्मा पार मातीनं भरला होता, त्याला मी दिसलो की नाही देव जाणे. रेघेवर मी दोन हात पुढं होतो. बांध नुसता ओरडत होता.

आणि वास! करडईच्या तेलाचा धूर सगळ्या तळ्यावर पसरला होता. भजी तळल्यासारखा. दुपारची वेळ, माणसं उपाशी. बैलवाल्यांपैकी एकजण ओरडला, "हॉटेल कुटं उघडलंय रे?" त्या दिवशी तळ्याकाठच्या गाडेवाल्याची सगळी भजी अर्ध्या तासात संपली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन मला चहा पाजून गेला.

बायको बांधावर बायकांत उभी होती. मी हंडा डोक्यावर घेऊन तिच्यापुढं गेलो. तिनं हंड्याकडं बघितलंच नाही. माझ्याजवळ तोंड आणून वास घेतला.

"माझं तेल घातलं व्हय?"

"जिंकलो की गं!"

"ते बघितलं म्या. भाजीला आता काय हंडा तळू?" असं म्हणाली, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं. मग मान पुढं काढून गाडीकडं कान केला. गाडी नुसती उभी होती, धडधडत. तिचं हसू जरा कमी झालं. "मिस्त्री, हा आवाज आपल्या गाडीचा न्हाई. उद्या खोलून बघा."

"हाव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाडी खोलली नाही. हे माझं पाप, सरळ कबूल करतो. सकाळपासून दुकानात माणसं, शर्यत कशी झाली ते सांग, वळण कसं घेतलं ते सांग. कारकूनसुद्धा आला, हात मिळवला आणि म्हणाला, "मिस्त्री, सामान मीच गोळा केलं." चांगला माणूस निघाला. मी संध्याकाळी घाईत फिल्टर बसवला, जाळ्या बसवल्या, साधं ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरलं. हेड घासलेलंच ठेवलं. खरं कारण, मला तो जोर आवडायला लागला होता. म्हटलं, सासुरवाडीला जायचंय, जरा ऐटीत जाऊ.

लग्नादिवशी उजाडताच निघालो. ती जांभळ्या लुगड्यात, मांडीवर साडीचं बोचकं, त्यावर दोन जुन्या चादरी गुंडाळलेल्या, धूळ लागू नये म्हणून. लग्न दिवस कलल्यावर, पाच वाजता. म्हणजे वेळ भरपूर. उदगीर सोडलं आणि गाडी अशी पळाली की ती मागून म्हणाली, "अवो, माझं डोळं मागं राहिलं!" मी मूठ आणखी पिळली. ती हसली, मी हसलो.

मुखेड दोन-तीन कोसांवर राहिलं आणि आवाज बारीक झाला, चिरका. "मिस्त्री," ती म्हणाली आणि त्याच वेळी मागचं चाक जागच्या जागी धरलं. गाडी फरफटत थांबली. किक मारली तर किक हलेना. पिस्टन आत पकडला होता.

मी गिअर काढून चाक मोकळं केलं. ती उतरली. बोचकं डोक्यावर ठेवलं, गाडीला मागून हात लावला आणि म्हणाली, "उभं काय राहिलात? ढकला."

मुखेडचा बाजाराचा दिवस होता. शेळ्या, मिरच्या, मडकी आणि त्यातून आम्ही दोघं गाडी ढकलत. चढ आला की ती म्हणायची, "शर्यतीत पयलं आलेली गाडी हाय, जरा वाट द्या." माणसं वाट द्यायची, हसायची. बाजाराच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली गाडी टेकवली. मिस्त्री हत्याराशिवाय घराबाहेर पडत नाही, पिशवी होतीच. हेड खोललं, सिलेंडर वर ओढला. निघता निघेना. निघाला तेव्हा बघतो तर पिस्टनवरच्या रिंगा खाचेत गच्च चिकटलेल्या, वर तपकिरी रंगाची राळ. नखानं खरवडलं तर नखाला लागून तार निघाली.

ती वाकून बघत होती. "हे तर बाच्या मोटेचं," ती म्हणाली.

"काय?"

"माझे बा मोटेच्या कातड्याला करडईचं तेल लावायचे. आधी कढवायचे, कढवायचे, डिंक व्हईस्तोवर. मोट फाटली की त्यानंच चिकटवायचे. करडईचं तेल तापवलं की डिंक व्हतो, हे माझ्या माहेरात लेकराला बी ठाव हाय. तुमाला कुणी सांगितलं इंजिनात घालायला?"

"ट्रकवाल्यानं. बियाचं तेल म्हणाला."

"एरंडीचं म्हणाला असंल! एरंडीचं तेल न्हाई व्हत डिंक. बांधाबांधाला एरंड उभा हाय, आन् तुमी माझी चूल धुंडाळली."

वर्षानुवर्षं मी इंजिनं उघडली होती, आणि ही गोष्ट मला चुलीपुढं बसणाऱ्या बाईनं शिकवली. पुढं एका जाणकारानं सांगितलं, शर्यतवाले खरंच एरंडेल वापरायचे. मी घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मला ठाव हाय."

पण त्या दिवशी लिंबाखाली मला हसू येत नव्हतं. सूर्य वर आलेला. समोरच्या स्टँडावर धर्माबादकडं जाणारी एसटी लागली होती. मी म्हणालो, "तू एसटीनं जा. साडी वेळेवर पोचंल. मी मागनं येतो."

ती एसटीकडं बघत राहिली. माणसं चढत होती, टपावर पोती चढत होती. मग माझ्याकडं वळली.

"मला एक सांगा. नवऱ्यासारखं नको, मिस्त्रीसारखं सांगा. ही गाडी पाचच्या आत पोचंल का?"

मी पिस्टन हातात घेऊन फिरवून बघितला. एका बाजूला ओरखडे होते, पण खोल नव्हते. रिंगा शाबूत होत्या. मी हिशेब केला, खोटं न बोलता. "हेड घासलंय ते वर उचलावं लागंल. जोर जाईल सगळा. काटा पंचवीसच्या वर नेला तर पुन्हा धरंल. पंचवीसवर ठेवली, मधे मधे थांबवली, तर पोचंल."

"नक्की?"

"नक्की."

तिनं एसटीच्या कंडक्टरला हातानं जा म्हणून खुणावलं, जणू एसटी तिच्यासाठीच थांबली होती. मग पदर खोचला आणि माझ्यापुढं फतकल मारून बसली. "सांगा काय करू."

रॉकेल आणलं, रिंगा भिजवल्या. खाचेतली राळ काढायला माझ्याकडं बारीक हत्यार नव्हतं. तिनं केसातला आकडा काढला आणि एकेक खाच अशी साफ केली की मला तशी जमली नसती. मी पिस्टनवरचे ओरखडे पॉलिश पेपरनं गुळगुळीत केले. हेडखाली जाड पॅकिंग हवं होतं, म्हणजे आतली जागा पुन्हा वाढेल. बाजारात भांडीवाला तांबट बसला होता. त्याच्याकडून तांब्याच्या पत्र्याचा तुकडा घेतला. पत्रा तिनं धरला, मी कात्रीनं गोल कापला. तांबट बघत होता. म्हणाला, "बाई, तुमचं घर पत्र्याचं की इंजिनाचं?"

"आमचं घर ह्या माणसाच्या डोक्यावर हाय," ती म्हणाली, "म्हणून तर असं गळतंय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी बोलली. मऊ, जुनी, आपली. तिनं मान पुढं काढून ऐकलं, डावीकडून, मग उजवीकडून. "आता ठीक," म्हणाली आणि बसली.

त्यानंतरचा रस्ता माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रस्ता. पंचवीस. काटा तिथून हलू दिला नाही. सवयीनं माझी मूठ वळायला लागली की पाठीवर तिचं बोट टोचायचं. "हळू." झाडाची सावली आली की थांबायचो, इंजिनाला वारा द्यायचो, पाणी प्यायचो, शेंगा खायचो. बैलगाड्या मागं पडायच्या, थांबलो की पुढं जायच्या, पुन्हा मागं पडायच्या. नायगावच्या अलीकडं एक दूधवाला, सायकलला दोन्हीकडं कॅन लावलेला, उताराला आमच्या बरोबरीनं आला.

"काय पाव्हणं, पेट्रोल वाचवून राहिले का?"

"न्हाई," ती मागून म्हणाली, "तुमची सोबत आवडली."

तो लाजला आणि पायडल मारत पुढं निघून गेला. आम्ही त्याला परत गाठू शकलो नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. परवा कारकून पुढं होता तेव्हा पोटात आग होती, आज सायकल पुढं गेली तरी मी गाणं म्हणत होतो. ती म्हणाली, "गाणं बी हळू म्हणा, इंजिन ऐकू येत न्हाई."

ती स्वतःही सगळं आयुष्य अशीच एका चालीनं चालली. धाप लागलेली मी बघितली नाही. म्हणून तिच्या छातीत काय बिघडलंय ते मला ऐकू आलं नाही. इतकी इंजिनं ऐकली आणि तेवढं नाही. असो. त्या दिवशी ती मागं होती, तिचा हात सीटच्या पट्ट्यावर होता आणि रस्ता सरळ होता.

सूर्य बराच खाली आला होता. धर्माबाद ओलांडून वस्तीच्या वाटेला लागलो तर लांबून लाऊडस्पीकर ऐकू यायला लागला. कुणीतरी पुकारत होतं की पाव्हण्यांनी बसून घ्यावं. किती वाजले कुणास ठाऊक. मूठ वळली.

बोट टोचलं. "हळू. तुमी नक्की म्हणालात न्हवं?"

मूठ सोडली. वस्तीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवायला लावली. तोंडावरची धूळ पदरानं पुसली, आकडा केसात खोचला, बोचक्यावरच्या मळक्या चादरी काढून माझ्या गळ्यात टाकल्या. आतली साडी दुधासारखी पांढरी, एक डाग नाही. मग पुन्हा बसली, साडी दोन्ही हातांत धरून, पट्टा सोडून. "आता घ्या."

मांडवापुढं गाडी गेली तेव्हा पाच वाजायला थोडा वेळ होता. बायका बाहेर आल्या, हळद-तुपाचे हात तसेच. पांढऱ्या कपड्यातला नवरदेव खुर्चीवरून अर्धा उठून बघत होता. धाकटी बहीण घरातून पळत आली, साध्या पातळात, वेणीत फुलं. साडी हातात घेतली आणि ओरडली, "अक्का, किती गं उशीर! एसटी दुपारीच आली."

"एसटीनं सगळेच येतेत," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. बहीण साडी घेऊन आत पळाली. मी गाडी बंद करायला हात घातला तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांबा. चालू राहू द्या."

"तापलीय गं."

"बंद पडणार हाय का?"

मी ऐकलं. इंजिन संथ चालत होतं, एकसारखं. "न्हाई," मी म्हणालो.

"मग राहू द्या. आई येऊन राहिली."

माझ्या सासूला तोवर डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. दोन बायकांनी हात धरून तिला घरातून आणलं. म्हातारीनं हात पुढं केला, चाचपडत चाचपडत टाकीवर ठेवला. इंजिनाची थरथर तिच्या बोटांत गेली, हातातलं चांदीचं कडं टाकीवर बारीक किणकिणलं. दुसऱ्या हातानं तिनं सीट चाचपली.

"कुणाची गं ही?" तिनं विचारलं.

"आपली, आई," माझी बायको म्हणाली. "आपलीच हाय. हिच्यावर बसून आले मी."